कोजागिरी, ऑर्केस्ट्रा आणि परतीचा पाऊस

घाटकोपर पूर्वेला आमची पाच-सहा कुटुंबांची एक जुनी टोळी आहे. कोणी रेल्वेतून निवृत्त झालेलं, कोणी बँकेतून, मी शाळेतून. दर कोजागिरीला आम्ही मैदानात सतरंज्या टाकून बसतो. मसाला दूध कोणी आणायचं, बटाटेवडे कोणी तळायचे, हे वर्षानुवर्षं ठरलेलं. शेजारच्या बेन थेपले आणि छुंदा घेऊन येतात, कारण घाटकोपरात आपली कोजागिरी आणि गुजराती मंडळींची शरदपूनम एकाच सतरंजीवर बसते. समोर व्यासपीठावर हिंदी-मराठी चित्रपटगीतांचा ऑर्केस्ट्रा असतो. बायकापोरांसह गावाबाहेर न जाता केलेली ही सहलच म्हणा ना!

काही वर्षांपूर्वीची अशीच एक कोजागिरी. सातचा कार्यक्रम रिवाजाप्रमाणे पावणेआठला सुरू झाला आणि साडेआठला पाऊस आला. पुढच्या दोन तासांत, मी शाळेत तीस वर्षं फळ्यावर शिकवलेलं बरंचसं विज्ञान मला एकगठ्ठा समोर दिसलं. आणि मधली काही मिनिटं अशी होती की, ते विज्ञान एखाद्याच्या जिवावर बेतलं असतं.

पण आधी 'ऑर्केस्ट्रा' या शब्दाविषयी थोडं सांगायला हवं. पाश्चात्त्यांकडे ऑर्केस्ट्रा म्हणजे साठ-सत्तर, कधी शंभर वादकांचा ताफा. व्हायोलिनच्या रांगा, मागे पितळी वाद्यं, मध्ये काठी हलवणारा संचालक. असा ताफा आपल्या मुंबईतही आहे. नरिमन पॉइंटच्या एनसीपीएमध्ये २००६ साली 'सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया' उभा राहिला. पण घाटकोपर, भांडुप, लालबागमध्ये 'आज ऑर्केस्ट्रा आहे' असं म्हटलं की कोणाच्या डोळ्यांपुढे व्हायोलिनच्या रांगा येत नाहीत. येतात ते दोन कीबोर्ड, एक ऑक्टोपॅड, तबला, ढोलक, काँगो, गिटार, असलाच तर एखादा सॅक्सोफोन, दोन गायक, दोन गायिका आणि दर गाण्याआधी विनोद सांगणारा निवेदक. शब्द परदेशी, पण सार्वजनिक उत्सवांच्या अंगणात वाढून तो पुरता आपला झाला आहे.

आमच्या टोळीतला एक जण या ऑर्केस्ट्रात तबला-ढोलक वाजवतो. दिवसा नोकरी आणि रात्री 'नाइट', असं त्याने उमेदीची सगळी वर्षं केलं. (ऑर्केस्ट्रावाले एका कार्यक्रमाला 'नाइट' म्हणतात आणि मानधनही नाइटवर ठरतं.) त्यामुळे आम्ही नुसते श्रोते नव्हतो, घरचेच होतो.

आता कोजागिरीला पाऊस येतोच कसा, असं तुम्ही विचाराल. पावसाळा संपला, आकाश निरभ्र झालं, म्हणून तर चांदणं बघायचं! पण हे देशावरचं गणित. मुंबईतून मोसमी पाऊस माघारी जाण्याची सरासरी तारीख हवामान खात्याने २०२० मध्ये बदलून ८ ऑक्टोबर केली. पूर्वी ती सप्टेंबरच्या अखेरीस धरत. आश्विनातली पौर्णिमा कधी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात येते, कधी शेवटच्या. म्हणजे निम्म्या वेळा आपण पावसाच्या पाठवणीतच सतरंजी टाकतो.

शिवाय या पावसाची वागणूक निराळी. जुलैतला पाऊस समुद्राकडून, पश्चिमेकडून येतो आणि तासन् तास रिपरिपत राहतो. परतीचा पाऊस येतो तो पूर्वेकडून. दिवसभर ऑक्टोबरचं ऊन तापतं, दमट हवा वर चढते, दुपारनंतर सह्याद्रीच्या अंगाला ढगांचे मनोरे उभे राहतात आणि संध्याकाळी ते किनाऱ्याकडे सरकतात. घाटकोपर पूर्वेच्या आम्हा लोकांना ते आधी दिसतात. ठाण्याच्या खाडीपलीकडे वीज चमकायला लागली की समजावं, तासाभरात वाळत घातलेले कपडे काढायचे. त्या दिवशीही सात वाजल्यापासून खाडीपलीकडे चमकत होतं. आम्ही पाहत होतो आणि वडे खात होतो.

पाऊस पडायच्याही आधी तो ज्याला कळला, तो आमचा तबलजी. तिसऱ्या गाण्यानंतर त्याने हातोडी काढली आणि तबल्याचे गठ्ठे ठोकायला सुरुवात केली. चौथ्यानंतर पुन्हा. निवेदकाचा विनोद संपेना, कारण तबला लागेना.

याचं कारण सोपं आहे. तबल्याची पुडी म्हणजे चामडं, आणि चामडं हवेतली ओल शोषून घेतं. ओल शोषली की ते सैल पडतं, ताण कमी होतो आणि सूर उतरतो. किती उतरतो? ताणलेल्या पडद्याची कंपनसंख्या ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते, हे नववी-दहावीच्या मुलांना मी सांगत असे, तेव्हा ती जांभया देत. व्यवहारात त्याचा अर्थ असा : ताण सुमारे अकरा टक्क्यांनी कमी झाला की सूर अर्ध्या स्वराने खाली येतो. काळी एकला लावलेला तबला पांढरी एकवर येऊन बसतो. गायिका काळी एकमध्ये गातेय, कीबोर्ड काळी एकमध्ये वाजतोय आणि तबला शेजारच्या घरात जाऊन बसलाय. ऐकणाऱ्याला नेमकं काय बिघडलं ते सांगता येत नाही, पण दात आंबल्यासारखं होतं.

कीबोर्डला हे दुखणं नाही. त्याचा सूर आतल्या इलेक्ट्रॉनिक घड्याळावर ठरतो, त्याला हवेशी देणंघेणं नसतं. पेटीच्या म्हणजे हार्मोनियमच्या पट्ट्या पितळेच्या, त्याही ओल पीत नाहीत. फार तर लाकूड फुगून एखादी पट्टी अडकते. सॅक्सोफोनचं आणखी वेगळं. त्याचा सूर नळीतल्या हवेच्या तापमानावर ठरतो. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे साडेतीनशे मीटर असतो आणि तापमान एका अंशाने उतरलं की तो ०.६ मीटरने घटतो. पावसाने हवा पाच-सहा अंशांनी गार झाली तर सॅक्सोफोन अर्ध्या स्वराच्या सहाव्या हिश्श्याइतका उतरू शकतो. वाजवणारा आपल्या गरम श्वासाने नळी ऊबदार ठेवतो, म्हणून प्रत्यक्षात तेवढंही होत नाही. थोडक्यात, एकाच व्यासपीठावरची वाद्यं एकाच पावसात वेगवेगळी भिजतात. हलगी वाजवणारे वाजवण्याआधी जाळ करून ती का शेकतात, ते यावरून लक्षात यावं. तबल्याला मात्र असा जाळ दाखवता येत नाही, शाईला तडे जातात.

आणखी एक समजूत आपल्याकडे आहे, की दमट हवेत आवाज दबतो. हे खरं तर उलट आहे. उंच पट्टीचे आवाज कोरडी हवा जास्त खाते आणि दमट हवा कमी खाते. पावसात गाणं ऐकू येत नाही, याचा दोष हवेचा नसून आपल्या छत्र्यांचा आणि मंडपाच्या पत्र्यांचा. हजार थेंबांचा ताशा वाजत असताना बासरी कुठून ऐकू येणार!

उघड्यावरच्या संगीताची ही अडचण राजेरजवाड्यांनाही चुकली नाही. २७ एप्रिल १७४९ या दिवशी लंडनच्या ग्रीन पार्कमध्ये इंग्लंडचा राजा दुसरा जॉर्ज याने तहाच्या आनंदाप्रीत्यर्थ आतषबाजी ठेवली होती आणि संगीत हँडेलचं होतं. राजाला व्हायोलिन वगैरे नाजूक प्रकार नको होते, लष्करी थाटाची वाद्यं हवी होती. मूळ रचनेत चोवीस ओबो, बारा बासून, नऊ तुताऱ्या, नऊ शिंगं आणि नगाऱ्यांच्या तीन जोड्या होत्या. राजाला फक्त थाट हवा असेल, पण मैदानाचा विचार करता त्याचं चुकलं नव्हतं. उघड्यावर तंतुवाद्यं हरवतात, फुंकीची वाद्यं आणि नगारे पोचतात. आपल्या देवळांतला सनई-चौघडा काय वेगळं सांगतो? त्या दिवशी ग्रीन पार्कात पाऊस आला, दारूकाम नीट पेटलं नाही आणि जो मंडप पेटायला नको होता, तोच एका बाजूने पेटला.

आमच्याकडे पेटलं काही नाही, पण त्याच्या जवळ पोचलो होतो.

साडेआठला थेंब मोठे झाले. साउंडवाल्या मुलाने मिक्सरवर प्लास्टिक ओढलं. वीस-बावीस वर्षांचा मुलगा, पायात रबरी चप्पल. निम्मे लोक उठले, निम्म्यांनी सतरंज्या डोक्यावर घेतल्या. गाणं चालूच होतं. तेवढ्यात गिटार वाजवणारा, जो मध्येमध्ये कोरसही देत होता, तो माइकपासून एकदम मागे झाला आणि ओठाला हात लावून बघू लागला. ओठाला झिणझिण्या आल्या होत्या. पुढच्याच मिनिटाला व्यासपीठावरची वीज गेली. मुलाने बोर्डाकडे धाव घेऊन ती परत चालू केली. परत गेली. तिसऱ्यांदाही तेच.

संयोजकांपैकी एक जण खाली उभा होता. तो वैतागून म्हणाला, "अरे, ते ट्रिपचं काढ मधून. डायरेक्ट कर. एवढी माणसं बसलीयेत, वर्गणी दिलीय लोकांनी."

हे वाक्य आपल्या उत्सवांमध्ये दर पावसात कुठे ना कुठे उच्चारलं जात असेल. म्हणून त्याचा अर्थ नीट समजून घेऊ.

'ट्रिपचं' म्हणजे ईएलसीबी. त्याचं काम एखाद्या कडक हिशेबनिसासारखं असतं. फेजच्या तारेतून जेवढा प्रवाह गेला, तेवढाच न्यूट्रलच्या तारेतून परत आला पाहिजे. कमी आला, तर मधली वीज तिसऱ्याच वाटेने जमिनीत जातेय. ती वाट ओला खांब असेल, नाही तर माणूस. ही तूट तीस मिलिअँपिअरच्या घरात गेली की ईएलसीबी डोळ्याची पापणी लवायच्या आत वीज तोडतो. तीस मिलिअँपिअर म्हणजे किती? घरातला सात वॉटचा एलईडी दिवा साधारण तेवढाच प्रवाह घेतो. पण तेवढा प्रवाह छातीतून काही क्षण गेला तर श्वास अडकू शकतो आणि त्याहून थोडा जास्त गेला तर हृदयाची लय बिघडते. नेहमीचा फ्यूज किंवा एमसीबी अनेक अँपिअर झाल्याशिवाय हलत नाही. तो तारा वाचवतो, माणूस नाही.

त्यात पाऊस. कोरड्या हाताची त्वचा विजेला बऱ्यापैकी अडवते. तीच त्वचा भिजली की तिचा विरोध हजार ओहमच्या आसपास उतरू शकतो. २३० व्होल्टला हजारने भागा, उत्तर येतं २३० मिलिअँपिअर. हे गणित मी मुलांना परीक्षेसाठी घालत असे. समोर ओल्या लाकडावर अनवाणी उभा असलेला गिटारवादक त्या गणितातली 'एक व्यक्ती' होती.

गिटारवाल्यांनाच हा धोका जास्त का? कारण त्याची बोटं तारांवर असतात, त्या तारा अँप्लिफायरच्या पत्र्याला जोडलेल्या असतात आणि ओठ असतात माइकच्या जाळीला, जी मिक्सरच्या पत्र्याला जोडलेली असते. दोन्हींचं अर्थिंग ठीक असेल तर काहीच होत नाही. एकाचं बिघडलं की मधला पूल म्हणजे वादक. ३ मे १९७२ रोजी ब्रिटनमधल्या स्वॉन्झी शहरात लेस्ली हार्वी हा तरुण गिटारवादक अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून व्यासपीठावरच गेला. तिथे तर पाऊसही नव्हता.

आमच्या व्यासपीठावरचं दुखणं मागाहून सापडलं. अँप्लिफायरचा तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या सॉकेटात घालण्यासाठी मध्ये एक स्वस्तातला जोड बसवला होता. अर्थिंगची तार तिथेच संपली होती.

पण त्या क्षणी हे कोणालाच ठाऊक नव्हतं. संयोजकाचा आवाज चढला. मुलगा बोर्डापुढे पेचकस हातात घेऊन उभा. त्याच्या पोटाचा प्रश्न होता, पुढच्या वर्षीचं काम याच मंडळींनी द्यायचं होतं. मी चिखलातून तिथवर गेलो आणि म्हणालो, "बाळा, ते काढू नकोस." संयोजक म्हणाले, "सर, तुम्ही बसा ना." एवढ्यात आमचा तबलजी व्यासपीठावरून ओरडला, "आठ!"

तो आठ सेकंदांविषयी बोलत होता. वीज चमकली की गडगडाट येईपर्यंत तो आकडे मोजतो, हे आम्हाला माहीत होतं. प्रकाश तत्काळ येतो, आवाजाला एका किलोमीटरला जवळजवळ तीन सेकंद लागतात. आठ सेकंद म्हणजे पावणेतीन किलोमीटर, विक्रोळीच्या अलीकडे. अर्ध्या मिनिटाच्या आत गडगडाट आला की उघडं मैदान सोडून पक्क्या इमारतीत जावं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर येऊ नये, असा सर्वत्र मान्य नियम आहे. झाडाखाली थांबणं तर त्याहून वाईट. आणि आम्ही लोखंडी पाइपांच्या मंडपात उभे राहून वाद घालत होतो.

मुलाने काही न बोलता मेन स्विच खाली ओढला. सगळं मैदान काळोखात गेलं.

मला वाटतं, त्या रात्रीचं सर्वांत शहाणपणाचं काम तेच होतं. त्या वेळी वाऱ्याचा विचार मात्र आमच्यापैकी कोणाच्याच मनात आला नव्हता. पुढे १३ मे २०२४ रोजी आमच्याच घाटकोपरात, पूर्व द्रुतगती महामार्गालगतच्या पेट्रोल पंपावर वादळी वाऱ्यात अवाढव्य होर्डिंग कोसळून १७ जणांचे प्राण गेले. तेव्हापासून वारा सुटला की आम्ही आधी वर बघतो. स्पीकरचे मनोरे, कमानी, फलक, सगळ्यांकडे.

मैदानाच्या कडेच्या इमारतीला खाली स्टिल्ट आहे, म्हणजे खांबांवरचं पार्किंग. तिथे पन्नास-साठ माणसं शिरली. दोन-तीन गाड्या मालकांनी बाहेर पावसात काढून दिल्या, हे मुंबईत किती मोठं औदार्य आहे, ते गाडीवाल्यांना कळेल. वहिनींनी दुधाचं पातेलं पदराखाली धरून आणलं होतं. थोडं पावसाचं पाणी गेलं असावं, पण केशराचा रंग शाबूत होता. दूध वाटून झालं, आणि कोणीतरी तळमजल्यावरच्या भजनी मंडळाची पेटी आणली.

मग जे झालं ते माइकशिवाय. पेटी, सॅक्सोफोन, एक गायिका आणि ठेक्याला दुधाचं रिकामं पातेलं, कारण तबल्याची पुडी ओल्या पापडासारखी झाली होती. स्टीलला ओल लागत नाही!

नवल याचं की मैदानात हजारो वॉटच्या स्पीकरांतून जी गायिका अर्धवट ऐकू येत होती, ती इथे शेवटच्या खांबापर्यंत स्वच्छ ऐकू आली. उघड्यावर आवाज सगळीकडे पसरतो आणि परत येत नाही. अंतर दुप्पट झालं की तो सहा डेसिबेलने उतरतो. स्टिल्टमध्ये मात्र फरशी, छत आणि मागची भिंत त्याला परत पाठवतात, तेच तेच पुन्हा कानावर येऊन आवाज भरतो. इंग्रजी अमलात बागांमधून बँडसाठी छप्पर असलेले चौथरे बांधत, त्यामागे हाच विचार होता. वांद्र्याच्या 'बँडस्टँड'ला आपण आज फक्त समुद्र बघायला जातो, पण नाव बँडचंच आहे.

अमेरिकेत याच कारणाने एक सभागृह उभं राहिलं. मॅसॅच्युसेट्समधल्या टँगलवुड इथे लोक हिरवळीवर चादरी टाकून, घरून आणलेलं खात बॉस्टन सिम्फनी ऐकतात. आमच्यासारखेच, फक्त वड्यांऐवजी सँडविच. तिथे १२ ऑगस्ट १९३७ रोजी वॅग्नरच्या संगीताचा कार्यक्रम चालू असताना वादळी पाऊस आला, तंबूत पाणी शिरलं आणि कार्यक्रम थांबवावा लागला. त्या थांबलेल्या वेळातच संयोजक बाई गर्ट्रूड रॉबिन्सन स्मिथ यांनी व्यासपीठावर येऊन, छपरासाठी पैसे द्या, असं श्रोत्यांना आवाहन केलं. वर्षभरात, ऑगस्ट १९३८ मध्ये, पाचेक हजार माणसं बसतील अशी बाजूंनी उघडी 'शेड' तयार झाली. आजही लोक तिच्यात बसतात आणि बाहेरच्या हिरवळीवरही.

आमच्याकडे असं काही झालं नाही. आमच्याकडे मानधनावरून भांडण झालं. संयोजकांचं म्हणणं, कार्यक्रम अर्धा झाला, पैसेही अर्धे. दिसायला न्याय्य वाटतं, पण ते तसं नाही. कोजागिरीची नाइट एकदाच येते. त्या रात्रीसाठी वादकांनी दुसरी मागणी नाकारलेली असते, वाद्यं टेंपोतून आणलेली असतात आणि पाऊस काही त्यांनी पाडलेला नसतो. शेवटी पाऊण मानधन मिळालं, तेही तीन खेपा घातल्यावर. तबल्याच्या नव्या पुडीचा खर्च आमच्या मित्राने स्वतःच सोसला. तो म्हणतो, "पातेल्याचा तेवढा वाचला."

पुढच्या कोजागिरीला व्यासपीठावर ताडपत्री होती आणि करारात पावसाचं एक कलम होतं. साउंडला तोच मुलगा. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी त्याने मला हाक मारून बोर्डापाशी नेलं. नवा ईएलसीबी, त्यावर 'टी' असं लिहिलेलं छोटं बटण. हे चाचणीचं बटण. घरच्या बोर्डावरही असतं आणि महिन्यातून एकदा दाबून बघायचं असतं. वीज गेली तर यंत्र जिवंत, नाही गेली तर इलेक्ट्रिशियनला बोलवायचं. "दाबू का, सर?" त्याने विचारलं. दाबलं. स्टेज, स्पीकर, तोरणं, सगळं एका झटक्यात विझलं. मैदानातून पोरांनी "ओऽऽ" करून ओरडा केला. त्याने पाचपर्यंत मोजलं आणि खटका वर केला.